मनगटावरची सूज

फोडणीचं तेल उडून मनगट भाजलं, त्याला दोन दिवस झाले. जागा लाल, गरम आणि टचटचीत सुजलेली आहे. पुस्तक उघडते, मिटते, उठते, पुन्हा बसते. कशात म्हणून जीव लागत नाही.

लेक कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. मलम लावता लावता म्हणाली, "भाजून पेशी फुटल्या की त्यांच्या पोटातलं बाहेर सांडतं. शरीराला तीच हाक कळते. मग संरक्षक पेशी धावून येतात. ही सूज म्हणजे त्यांचीच धावपळ."

"आणि एरवी मरतात त्या?"

"त्या तर रोज मरतात, आई. पण आधी स्वतःला नीट आवरून घेतात. कुठे गाजावाजा नाही."

ती सहज बोलून गेली. मला मात्र अक्का आठवली, माझी थोरली बहीण. पोटातलं दुखणं तिने वर्षभर कुणाला कळू दिलं नाही. गेली त्या दिवशीही ओट्यावर भांडी घासून पालथी घातलेली होती. दहाव्याला जो तो म्हणत होता, "कुणाला त्रास न देता गेली, भाग्यवान." मीही मान डोलावली होती. ती मान आज खुपते आहे. तिने एकदा तरी आरडाओरडा केला असता, तर आम्ही धावलो नसतो का?

"फार ठसठसतंय का?" लेकीने विचारलं.

आमच्या घरातलं ठरलेलं "नाही गं" अगदी ओठांवर आलं होतं.

"हो," मी म्हणाले. "खूप. बस जरा जवळ."