हिरव्यातला निळा

"दम धरा काका, खाली बसू द्या," असं म्हणत ती काचेची बाटली उजेडात धरायची. हिरवा गाळ हळूहळू तळाला जायचा आणि वर जवसाच्या फुलासारखं निळं पाणी उरायचं. मग ती बाटलीकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघायची.

शेलूबाजारला माझं मिठाईचं दुकान आहे. ती आसेगावच्या भाजीवाल्याची मुलगी. नागपूरला शिकून आली आणि बापाच्या वांग्यांशेजारी ताडपत्रीच्या टाक्यांत शेवाळ वाढवू लागली. मिठाईचा रंग त्यातून काढायचा होता तिला. "शिकून आली अन् डबकं पिकवून राह्यली," लोक म्हणायचे. तुम्ही-आम्ही हसतो, तसा मीही हसलो.

पहिल्यांदा मी तो निळा गरम खव्यात ओतला. खवा राखेसारखा झाला.

"त्याले आच सोसत नाई काका. खवा निवू द्या ना!"

पुढच्या खेपेला बर्फी अशी उतरली की शाळेतली पोरं दुकानापुढं निळ्या जिभा काढून एकमेकांना दाखवत उभी. त्या दिवशी ती पोटभर हसली.

मे महिन्यात तिनं शेवाळाची एक बरणी माझ्या मागच्या थंड खोलीत आणून ठेवली. "शेवाळाचं बी विकत भेटते, पण ते आपल्या उन्हात मरते. हे चार उन्हाळे जगलं. टाक्यातलं गेलं तरी हे राहीन. रोज हलवजा."

पंधरा दिवस हलवली. मग दुकानांची तपासणी येणार असं कानावर आलं. हे हिरवं पाणी त्यांनी पाहिलं तर? मी घाबरलो. टाक्यांत आहेच की, असं म्हणून बरणी मोरीत ओतली. तिला कळवलं नाही.

तपासणीला कोणी आलंच नाही. आठ दिवसांनी ती आली. यंदाच्या भलत्या उन्हानं टाक्यांतलं सगळं पिवळं पडून सडलं होतं. ती सरळ मागच्या खोलीत गेली.

"बरणी कुठी हाये?"

मी सांगितलं.

"फिनाईल टाकलं?"

"हो."

ती मोरीपाशी उकिडवी बसली. जाळीवरून बोट फिरवून तिनं वास घेतला. "एक फोन करायचा होता काका. मी येऊन नेली असती." आवाजही चढवला नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता ती पुण्याला कुठल्याशा कारखान्यात पॅकिंग करते म्हणतात. दिवाळीत तिचे वडील दुकानापुढून जाताना दिसले. मी हाक मारून तिची चौकशी केली.

"येत नाई जी ती. फोनवर बी बोलत नाई."

मी पेढे बांधून त्यांच्या हातात दिले. त्यांनी पुडा काउंटरवर ठेवला, मेथीची पाटी डोक्यावर घेतली आणि गर्दीत निघून गेले.