मधुकरकाकांचा लाल बिल्ला

मधुकरकाकांच्या बैठकीतलं भिंतीवरचं एक बटन वर्षभर कोणी दाबलं नाही.

त्या बटनाला एक लाल बिल्ला बांधलेला होता. काल तो मी सोडला.

आज काकांना जाऊन एक वर्ष झालं.

हे इथे लिहावं की नाही, सकाळपासून ठरत नव्हतं. डायरीत कालच लिहून झालंय. पण काकांकडून कूलर आणि मिक्सर दुरुस्त करून घेतलेले निम्मे लोक माझ्या इथल्या फ्रेंडलिस्टमध्येच आहेत, म्हणून इथेही.

काका आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. कोराडीच्या वीज केंद्रात मेंटेनन्सला बत्तीस वर्षं काढली. रिटायर झाल्यावर हात स्वस्थ बसेनात.

तीन वर्षांपूर्वी मी माळ्यावरून माझा कॉलेजच्या दिवसांतला कॉम्प्युटर काढला. त्यावर तेव्हाची कार रेसिंग पुन्हा खेळायची होती. कॅबिनेट आणि मदरबोर्ड सोडले तर धड काहीच नव्हतं. तसंच उचलून काकांकडे नेलं.

"काका, तुम्हाला गेम आवडते का?"

"मले गेममधी इंटरेस्ट नाही गा. मले फॉल्टमधी इंटरेस्ट आहे."

फॉल्टची काही कमी नव्हती.

पहिले दोन महिने नुसते तीन बीप आणि काळी स्क्रीन. शेवटी काकांनी रॅमची पट्टी खोडरबरने घासली आणि चौथ्यांदा बसवली. एकच बीप वाजला आणि मॉनिटरवर पांढरी अक्षरं उमटली.

आम्ही दोघं ओरडलो. आतून काकू म्हणाल्या, "झालं काय? मंग आता जेवता काय?"

तो मॉनिटर आम्ही काटोलच्या एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून आणला होता. बसमध्ये, काकांच्या मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "बुवा, याचं हाफ तिकीट लागते."

अखेर गेम सुरू झाली. पण दहा मिनिटं झाली की कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट व्हायचा. दर वेळी मी तिसऱ्या फेरीत पहिल्या नंबरवर असताना.

काकांनी टॉर्च मारला. "हे पाह्य. कपॅसिटर फुगले. गरम झाले का दम सोडतेत."

कॅबिनेट उघडण्याआधी काका नेहमी बटनाला तो बिल्ला बांधायचे. लाल पुठ्ठा, पांढरी सुतळी. त्यावर त्यांच्या अक्षरात: माणूस कामावर आहे.

एकदा बिल्ला असताना मी बटन दाबलं. काका माझ्यावर चिडले ते तेवढं एकदाच.

"बिल्ला दिसला नाही काय बे?"

"दिसला. पण प्लग तर काढलेला होता ना काका."

"दिसला, तरी दाबलं? मंग आंधळा बरा! अबे, बत्तीस वर्षं या पुठ्ठ्याच्या भरोशावर आतमधी हात घातला म्या."

मग चहा घेता घेता स्वतःच समजावलं.

"बांधणारा एक, सोडणारा दुसरा. दुसऱ्यानं आतमधी पाहाचं आणि मोठ्यानं बोलाचं, माणूस बाहेर, हत्यार बाहेर. मंगच सोडाचा."

"दुसरा काहून पाहिजे? तुमचं काम तुम्हालाच माहीत."

"आपण केलेलं आपल्याले बरोबरच दिसते गा."

हे वाक्य मी त्या दिवशी डायरीत लिहून ठेवलं होतं. नोकरीतही कधी कधी आठवतं.

मागच्या वर्षी त्यांचा फोन आला. "रविवारी ये. दाखवतो तुले काहीतरी."

मी म्हटलं, "पुढच्या रविवारी येतो काका."

काही अर्जंट काम नव्हतं. कंटाळा आला होता, एवढंच. मधल्या गुरुवारी काका गेले. हार्ट अटॅक.

त्यानंतर मी काकूंकडे बरेचदा गेलो, पण कॉम्प्युटरच्या कोपऱ्याकडे बघायचं टाळलं. कपॅसिटर बदलायचं काम अर्धवट राहिलंय असं धरून चाललो होतो. आणि त्यांचं अर्धवट काम आपण पूर्ण करणं हा मला आगाऊपणा वाटायचा. की ती नुसती सबब होती? माहीत नाही.

काकूंनी मात्र बिल्ल्याला कोणालाच हात लावू दिला नाही. कूलरचा पॉइंटही त्याच बटनावर. मागचा अख्खा उन्हाळा त्यांनी आतल्या खोलीतून वायर ओढून कूलर चालवला.

काल मला म्हणाल्या, "ते डबडं एकदा पाह्यतं काय? त्याईचं पेचकस-गिचकस आतमधी राहिलं असन."

कॅबिनेट उघडलं. आत स्क्रूड्रायव्हर नव्हता.

नवे कपॅसिटर होते. सहाच्या सहा. सोल्डरिंगचे चकचकीत डाग, तारांचे पाय बरोबर छाटलेले. जुने फुगलेले सहा बाजूला गोळ्यांच्या रिकाम्या डबीत.

काम झालेलं होतं.

राहिला होता फक्त दुसरा माणूस.

त्या रविवारी मी गेलो असतो तर काय झालं असतं, ते मी इथे रंगवणार नाही. चहा झाला असता, बहुतेक.

मी टॉर्चने तीनदा सगळं तपासलं. काकू बाजूला उभ्या होत्या.

"मंग बोल ना मोठ्यानं. ते बोलत होते तसं."

"माणूस बाहेर," मी म्हटलं. आणि थांबलो.

काकूंनी पदर नीट केला. "हो," त्या म्हणाल्या. "पुढचं बोल."

"हत्यार बाहेर."

"सोड."

गाठ घट्ट होती. नखांनी सोडवली.

बटन दाबलं. मग कॉम्प्युटर चालू केला. एक बीप.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. मी तिसरी फेरी पार केली, रेस हरलो, पुन्हा लावली. काकूंनी खुर्ची ओढली आणि चार वेळा भिंतीवर गाडी आदळली. "ब्रेक कुठं आहे याचा?" म्हणत त्या इतक्या हसल्या की मलाही हसू आवरेना.

तास झाला. रीस्टार्ट नाही.

मग त्या म्हणाल्या, "बंद कर आता. मले कूलर लावाचा आहे."

बिल्ला त्यांनी मला दिला. समोर टेबलावर आहे.

काका, पाहिलं मी. काम बरोबर आहे. लाइन चालू केली.

यायला उशीर झाला, तेवढं माफ करा. नमस्कार.