मधली खुर्ची

काळ्या कापडात डोकं खुपसून मी ओरडत होतो, "हलू नका, हलू नका," आणि समोरची चाळीस माणसं हलत होती. कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर चित्र उलटं पडतं, डोकी खाली आणि पाय वर. त्यामुळे मला चाळीस माणसं चिंचेला उलटी लटकून चुळबुळ करताना दिसत होती. वटवाघळंसुद्धा यापेक्षा शांत असतात.

ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. गोंदियाला स्टेशनजवळ मी नुकताच स्टुडिओ थाटला होता. तोवर माझी गिऱ्हाइकं म्हणजे राइस मिलवाले शेठ, लग्नाळू मुलं आणि एकदा शर्यतीत जिंकलेला बैल. त्यातल्या त्यात बैलाचा फोटो बरा आला होता. अशात तिरोड्यापलीकडे, चोरखमाऱ्याच्या तलावाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या ख्रिस्ती वस्तीतून बोलावणं आलं. सगळ्या मंडळीचा ग्रुप फोटो काढायचा होता. मंडळी म्हणजे त्यांच्या चर्चची माणसं. माझा पहिला मोठा ग्रुप! आनंदानं मी सामान तीनदा बांधलं आणि तीनदा सोडलं. रेल्वेत फोटोच्या काचेच्या प्लेटांची पेटी बाळंतिणीनं बाळ धरावं तशी मांडीवर धरून बसलो. तिरोड्याहून पुढे बैलगाडी होती. तिच्या प्रत्येक हिसक्याला माझा जीव पेटीत जाऊन यायचा.

बोलावणं धाडलं होतं मॅथ्यूसाहेबांनी. जबलपूरकडचे फिरते प्रचारक, दोन महिन्यांपूर्वी वस्तीत आलेले. पांढरा शुभ्र झगा, छातीवर चांदीचा क्रूस, आणि आवाज असा की बोलायला लागले की तलावावरची बगळ्यांची रांग उठावी. मी गेलो तेव्हा त्यांचं प्रवचन चालू होतं. माझ्या अंगावर काटा आला, आणि मी तर गणपतीला नारळ फोडणारा माणूस.

साहेबांनी मला बाजूला घेऊन काम समजावलं. "ये तस्वीर अर्जी के साथ नागपूर जाएगी. नागपूरवाले देख लें कि मंडळी किसके साथ है. मुझे यहाँ का पाळक बनाना है कि नहीं, उस पर तय होगा."

पाळक म्हणजे त्या चर्चचा धर्मगुरू.

"मग आत्ता इथे कोण पाहतं?" मी विचारलं.

साहेबांनी हनुवटीनं दाखवलं. एक म्हातारा बाक उचलून आणत होता. ते लक्ष्मणकाका. वस्तीचे जुने उपदेशक. पाळकाची दीक्षा त्यांना मिळाली नव्हती. वीस वर्षं मुलांची शाळा, आजाऱ्याला क्विनीन आणि मेलेल्याला माती, हेच करत आले होते. घर मिशनचं. नवा पाळक आला की त्यांना ते घर आणि वस्ती दोन्ही सोडावी लागणार होती. हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांच्या अर्जावर अंगठे मात्र झाले होते, कारण मॅथ्यूसाहेबांना नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती. माझीही नव्हती. पुढे मिशनच्या सगळ्या फोटोंचं काम मलाच द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं.

मी मधली खुर्ची साहेबांना दिली. लक्ष्मणकाकांना अगदी कडेला उभं केलं. त्यांचा कोट उसवलेला होता, म्हटलं कडेला खपून जाईल. धंद्यातली माझी अक्कल तेवढीच.

आता थोडं कामाचं. झाडाच्या सावलीत मोठा ग्रुप घ्यायचा तर लेन्सवरचं टोपण काढून तीन सेकंद मोजावे लागत. तेवढ्यात जो हलेल त्याचा धूर होतो. चाळीस माणसं तीन सेकंद पुतळ्यासारखी हवीत.

पहिल्या प्लेटला मी ओरडलो. लोक आणखी बिचकले. मग साहेब उठून गरजले, "प्रभु के नाम से आज्ञा देता हूँ, स्थिर हो जाओ!" लोक घाबरून एकमेकांना चिकटले. एक बाई रडायला लागली. मी टोपण काढलं आणि लावलं, पण प्लेट वाया गेली हे मोजतानाच कळलं.

पुढे जमिनीवर, काकांच्या पायाशीच, सखूमाय नावाची आंधळी म्हातारी बसली होती. ती मान वळवून वळवून विचारत होती, "काय होऊन राहिलं जी? काऊन वरडून राहिला हा?"

"मी फोटोवाला आहे, आजी."

"फोटू काढतोस का मारतोस?"

सगळे हसले. दोनच मोठ्या प्लेटा आणल्या होत्या, त्यातली एक उरली होती. घाम पुसत मी म्हणालो, "अहो, कोणी तरी सांगा यांना."

तेव्हा कडेला उभे लक्ष्मणकाका बोलले. आवाज चढवला नाही. "बसा माय. मी सांगतो तवापर्यंत कोणी हलू नोका. मी अठीच आहो."

आणि काय सांगू! चाळीस माणसं एका दमात थांबली. रडणारी बाई थांबली. मी कापडात डोकं घातलं आणि काचेवर एक पापणीही लवत नव्हती. टोपण लावून प्लेट आत सरकवली. टोपण काढलं. एक. दोन. दोनवर सखूमायनं हवेत हात चाचपला, आणि काकांनी वाकून तो धरला. तीन.

घरी आलो ते थेट स्वयंपाकघरात. दाराखिडक्यांना घोंगड्या लावल्या की तीच माझी डार्करूम. बायको बाहेरून म्हणाली, "भात अर्धा राहिला आहे." मी आतून म्हणालो, "प्लेट उतरते आहे." प्लेट उतरली. सगळे चेहरे कोरल्यासारखे होते. साहेब मधोमध, झकास. कडेला मात्र, जिथे काका होते, तिथे नुसता एक पांढरट फराटा.

मला वाईट वाटलं. साहेबांना नाही वाटलं. "बढिया! बुड्ढा नहीं दिखता तो और अच्छा," म्हणाले आणि छापील प्रत अर्जासोबत गेली.

पंधरा दिवसांनी नागपूरहून मिशनचे थोरले पाळक स्टुडिओत येऊन उभे राहिले. मराठी माणूस, साधा कोट, हातात फोटो.

"तुम्हीच काढलात? टोपण किती सेकंद उघडं ठेवलंत?"

"तीन."

"मीही हौसेनं फोटो काढतो. माझी चार पोरं तीन सेकंद थांबत नाहीत. ही चाळीस माणसं कोणी थांबवली? मॅथ्यूसाहेबांनी?"

मी लेन्स पुसायला घेतली. मिशनचे सगळे फोटो हातचे जाताना दिसू लागले. मागेच आमचं घर. दारातून बायको म्हणाली, "सांगा ना. घरी तर चारदा सांगितलंत."

सांगितलं. पहिली प्लेट, गर्जना, सखूमाय, सगळं.

"आणि हा फराटा?"

"तेच लक्ष्मणकाका. म्हातारीचा हात धरायला वाकले."

त्यांनी फोटो उजेडाला धरला. मग म्हणाले, "आमच्या धर्मात अधिकार कोणाचा ओळखायचा, यावर मी वर्षानुवर्षं शिकवतो. अर्ज वाचून मात्र मी यांच्या नावावर सही करणार होतो." बोट मधल्या खुर्चीवर होतं.

निव्वळ फोटोवर त्यांनी काही ठरवलं नाही. वस्तीत जाऊन चार दिवस राहिले. अर्ज नामंजूर झाला. लक्ष्मणकाकांना त्यांनी स्वतः दीक्षा दिली आणि घर त्यांचं राहिलं. मॅथ्यूसाहेबांना मेळ्यांमधून प्रवचनाचं काम दिलं. तिथे त्यांचा आवाज खरंच उपयोगी पडला, मी ऐकला आहे. मिशनचं काम मला मिळालं, पण ते साहेबांनी नाही, थोरल्या पाळकांनी दिलं.

काकांना मी फोटोची प्रत नेऊन दिली आणि माफी मागितली. त्यांनी बोटानं एकेक चेहरा मोजला. "बरा आला जी. सगळे आले."

"तुम्ही नाही आलात, काका."

"सखूमाय आली ना?"

ती आली होती, चेहरा अगदी स्पष्ट, धरलेला हात तेवढा धूसर.

तेव्हापासून ग्रुप फोटोला मी आधी खुर्च्या मांडत नाही. पाच मिनिटं उगाच लेन्स पुसत उभा राहतो आणि लोक कोणाच्या सांगण्यावरून बसतात ते बघतो. लग्नात ती बहुधा नवरीची एखादी आत्या असते. तिला मधे बसवलं की प्लेट वाया जात नाही. नवरदेवाचा बाप रुसतो, पण त्याला कुठेही बसवलं तरी तो रुसतोच.