मागची खुर्ची

ग्रंथसूचीच्या त्या प्रोग्रॅमची पहिली पूर्ण आवृत्ती एका रविवारी दुपारी सुलतान बाजारातल्या सायबर कॅफेतून प्रसिद्ध झाली. तिच्यातला दोष कळवणारी ई-मेल त्याच आठवड्यात आली. मधले काही दिवस तो लिहिणाऱ्या आमच्या बाई खूश होत्या.

"मी इथे नाहीये," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. दुसऱ्याला संगणकासमोर बसवायचं, आपण मागच्या खुर्चीत बसायचं, दोन्ही हात मांडीखाली दाबून धरायचे आणि हे म्हणायचं. समोरचा अडला आणि वळून पाहू लागला, की पुन्हा तेच. "माझ्याकडे काय बघता? मी इथे नाहीये."

कारण विचारलं तर सांगत, "लोक हा प्रोग्रॅम कुठे कुठे उतरवून घेणार. तिथे मी असणार आहे का?"

बाई सिकंदराबादच्या एका बँकेत होत्या. संगणक आले तेव्हा युनियनच्या सभेत विरोधात हात वर करून संध्याकाळी त्याच संगणकावर शिकायला बसणाऱ्यांपैकी त्या एक. पुढे स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. सहकारी आकडेमोड करत बसले, बाईंनी अर्ज देऊन टाकला. मोकळ्या झालेल्या वेळात त्यांनी आमच्या मराठी ग्रंथालयासाठी हा प्रोग्रॅम हाती घेतला. मराठी, तेलुगू आणि उर्दू पुस्तकं एकाच सूचीत. ज्याला हवा त्याने फुकट घ्यावा, हवा तसा बदलावा. एकमेकांना कधीही न भेटलेली गावोगावची काही माणसं ई-मेलवरून दुरुस्त्या पाठवत. त्या जमवायच्या, तपासायच्या आणि नवा क्रमांक देऊन प्रसिद्ध करायच्या, हे काम बाईंचं. मी वर्तमानपत्रात होतो, म्हणून सूचनांची भाषा माझ्याकडे.

"बातमीसारखं लिहा हो," त्या म्हणत. "लोक अर्धं वाचून उठतात."

घरीही हीच रीत. मुलीला बगारा बैंगन शिकवायचं तर कृती कागदावर लिहून दिली आणि स्वतः बाहेरच्या खोलीत जाऊन बसल्या. कागदावर मीठ नव्हतं, मुलीनेही घातलं नाही. मी त्या दिवशी जेवायला होतो. बाईंनी पहिला घास गिळला, उठल्या, आणि आधी कागद दुरुस्त केला. मीठ नंतर आणलं.

ग्रंथालयात त्यांची चाचणी आप्पांवर चाले. आप्पा म्हणजे आमचे वयस्कर ग्रंथपाल. जन्म पुस्तकांची कार्डं लिहिण्यात गेलेला, अक्षर सुरेख, संगणकाची भीती तेवढीच. आप्पांना एकट्याने प्रोग्रॅम बसवता आला आणि तिन्ही लिप्यांतली पुस्तकं भरता आली, तरच आवृत्तीला 'एक' म्हणायचं, असं बाईंनी ठरवलं होतं. तोवर शून्य पूर्णांक काहीतरी.

आप्पा दर वेळी एकाच जागी अडत. उर्दू पुस्तकाचं नाव भरलं की पुढच्या चौकटीतही उर्दूच उमटे. मराठीवर परत येण्याची कळ त्यांना आठवत नसे. ते हात वर घेत, जणू काही फोडलंय.

"मी इथे नाहीये," मागून आवाज येई. आणि थोड्या वेळाने, न राहवून, "ती वरची कळ दाबा ना, आप्पा."

"आता आलात का?" आप्पा विचारत.

बाई हसत, आणि ती चाचणी बाद धरत.

त्या वर्षी ग्रंथालयाची वार्षिक सभा जवळ आली. कार्यवाह वकील होते. ते म्हणाले, "शून्य पूर्णांक म्हणजे अर्धवटच ना? सभेपर्यंत पूर्ण झाला तर ठीक, नाहीतर कंपनीचा घेऊ." कंपनीचा प्रोग्रॅम फक्त इंग्रजी अक्षरं घेई. आप्पांची सगळी कार्डं इंग्रजी अक्षरांत जाणार होती.

बाईंनी संगणकाच्या पडद्यावर तळाशी त्या कळीची सूचना घातली. वाक्य माझं होतं. सभेच्या आदल्या रविवारी त्यांनी आप्पांसमोर पुस्तकांची चळत ठेवली आणि म्हणाल्या, "मागे बसले की मी बोलते. आज खरंच नाही बसत." आणि जिना उतरून फळवाल्यांच्या गाड्यांपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

बऱ्याच वेळाने आप्पांनी खिडकीतून हाक दिली, "झालं, बाई."

"उर्दूचंही?"

"हौ, तेही झालं."

बाईंनी पडदा पाहिला नाही. आप्पांचं काम तपासायची ग्रंथालयात कुणाची रीत नव्हती. त्या तशाच कॅफेत गेल्या आणि आवृत्ती एक प्रसिद्ध करून आल्या. येताना आप्पांसाठी उस्मानिया बिस्किटं आणली. दोन दिवसांनी सभेने प्रोग्रॅम मंजूर केला.

ई-मेल बिदरच्या एका शाळेतून होती. उर्दू नाव भरल्यावर पुढे काहीच करता येत नाही, असं लिहिलं होतं. बाई ग्रंथालयात आल्या, आप्पांच्या खुर्चीत बसल्या आणि एक उर्दू पुस्तक भरू लागल्या. पहिलं अक्षर उमटताच तळाची सूचना पुसली गेली. त्यांना कळ पाठ होती, त्यामुळे ती ओळ वाचायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

"आप्पा, त्या दिवशी इथंच अडला होतात ना?"

"हौ."

"मग?"

"सभा होती ना, बाई. तुमचाच घ्यावा म्हणून... उर्दूची बाजूला ठेवली, बाकीची भरली."

एकदा दिलेला क्रमांक परत घेता येत नाही, आणि तोवर ती आवृत्ती बऱ्याच जणांनी उतरवून घेतली होती. बाईंनी दोन दिवसांत दुरुस्ती प्रसिद्ध केली. सोबतच्या टिपणात लिहिलं, "चाचणी नीट झाली नव्हती. जबाबदारी माझी." मी भाषा पाहू का विचारलं, तर "नक्को" म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी आप्पांना चाचणीला बसवलं नाही. पुढची आवृत्ती दुरुस्त्या पाठवणाऱ्या पुण्याच्या एका मुलीकडे सोपवली आणि त्या बेंगळुरूला आपल्या लेकीकडे राहायला गेल्या.

काही महिन्यांनी एका दुपारी आप्पांनी दुरुस्त आवृत्ती स्वतः बसवली. मागची खुर्ची रिकामी होती. तिन्ही लिप्यांतली पुस्तकं त्यांनी भरली, त्यात उर्दूची आधी. मग कोठी भागातल्या एसटीडी बूथवरून बेंगळुरूला फोन लावला. मी सोबत होतो.

"बाई, झालं. सगळी भरली. मागे कुणी नव्हतं."

पलीकडचं मला ऐकू आलं नाही. ते आप्पांनी बाहेर आल्यावर सांगितलं. बाईंनी विचारलं होतं, "खरंच का, आप्पा?"

आप्पा "खरंच" म्हणाले होते. त्यानंतर दोघांचं बोलणं झालेलं नाही.