केतनच्या लग्नाची फाइल

मी आज पदवीधर आहे तो सुभेदार दत्ताराम मोकल साहेबांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. म्हसळ्याच्या शाळेतून मी थेट भरतीला उभा राहिलो. सिग्नल्समध्ये, म्हणजे लष्कराच्या संदेश शाखेत, आल्यावर साहेबांनी मुक्त विद्यापीठाचा फॉर्म आणून समोर ठेवला. "सही कर. परीक्षेच्या रजेचं मी बघतो." बी.ए. व्हायला मला पाच वर्षं लागली.

पुढे हवालदार असताना माझं पोस्टिंग रेवदंड्याजवळच्या टेकडीवर, एका छोट्या सिग्नल डिटॅचमेंटमध्ये झालं. काम रेडिओचं, पण टायपिंग येतं म्हणून ऑफिसही माझ्याकडे. जवानाचं लग्न झालं की त्याची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सर्व्हिस रेकॉर्डसाठीची अधिकृत नोंद, निघते. ती मी जुन्या कॉम्प्युटरवर टाइप करायचो. काळा पडदा, हिरवी अक्षरं. आतल्या घड्याळाची बॅटरी मेलेली. मशीन चालू केलं की तारीख १ जानेवारी १९८० दिसायची. रोज ०८०० वाजता खरी तारीख हाताने टाकायची, असा नियम होता.

मग सगळ्या ऑफिसांना जोडणारं नवं नेटवर्क आलं. बाहेरची टीम आली, गेल्या पंधरा वर्षांच्या फाइली तिने त्यावर चढवल्या आणि आपली केबल घेऊन गेली. जुनं मशीन कोपऱ्यात पडलं.

दोन महिन्यांनी एका सकाळी ०९४० वाजता रेकॉर्ड ऑफिसचा फोन आला. लान्स नाईक केतन नाखवा गेला. वर्षापूर्वी आमच्याकडूनच उत्तरेला बदली झालेला, इथल्याच कोळीवाड्यातला. बर्फात तुटलेली लाइन जोडताना कडा कोसळला. पार्थिव दुसऱ्या दिवशी येणार होतं.

"नातलग वडील. जवान अनमॅरिड."

केतनच्या लग्नात मी जेवलो होतो.

"सर, पत्नी आहे. संजना."

"सिस्टीममध्ये नाही. १५०० पर्यंत मूळ फाइल पाठवा. नाहीतर पार्थिवावरचा तिरंगा वडिलांच्या हाती जाईल."

मी वडिलांना, पांडुरंग नाखवांना, फोन लावला. ते म्हणाले, "सायेब, माजा नांव कशाला? सुनंचा घाला. ती हितंच बसलेली हाय."

ऑर्डरची कागदी प्रत वादळात छप्पर उडालं तेव्हा भिजून गेली होती. मी जुनं मशीन उघडलं. फाइल होती. आत लग्नाची तारीख बरोबर होती, पण फाइलीवर शिक्का १ जानेवारी १९८०. त्या सकाळी मी तारीख टाकली नव्हती. म्हणून पंधरा वर्षांच्या गठ्ठ्यात ती आलीच नाही. १९८० साली केतनचा जन्मही झाला नव्हता.

कॅप्टन साहेबांनी विचारलं, "चूक कोणाची?"

"माझी, सर."

"लेखी दे. आधी फाइल काढ."

जुनं मशीन थेट नेटवर्कला जोडायला मनाई होती. आधी वेगळ्या लॅपटॉपवर घ्यायचं, तपासायचं, मग पुढे पाठवायचं. मशीनला यूएसबी नव्हतं, मागे फक्त नऊ पिनांचा पोर्ट. फील्ड टेलिफोनची वायर कापून मी केबल बनवायला बसलो. नाईक सुर्वे जुन्या मशीनवर टॉर्च धरून उभा होता.

"हवालदारसाहेब, म्हातारा रिटायर झालेला. परत ड्युटीवर बोलावलात."

मी हसलो नाही. त्याने टॉर्च आणखी जवळ आणला.

१२१० ला पहिला प्रयत्न. लॅपटॉपवर नुसती कचरा अक्षरं. दोन मशीनांचा वेग जुळत नव्हता. दोन्ही ९६०० वर आणले. १२५५ ला फाइल पूर्ण आली. तपासणी झाली, तारखेच्या दुरुस्तीवर कॅप्टन साहेबांनी सही केली. १४३० ला ती नेटवर्कवर गेली. १४४१ ला फोन वाजला.

"दिसतंय. मॅरिड. पत्नी संजना."

नंतर मी मोकल साहेबांना पत्र लिहिलं.

"मोकल साहेब, जय हिंद.

केतनच्या ऑर्डरवरची चूक माझी होती. लेखी कबूल केलं आहे, शिक्षा होईल ती घेईन. तिरंगा संजनाने घेतला. सासरे तिच्या मागे उभे होते.

आज तिच्या घरी जाऊन सगळं खरं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, 'ती ऑर्डर निंगली त्या दिवशी त्यानं मना फोनवर वाचून दाखवलेली. मना पाठ हाय.' इंग्रजी तिला येत नाही. तरी अडखळत तिने सगळी म्हणून दाखवली, साहेब. तारखेसकट.

आपला,
हवालदार"