दोन कोकरांचा खुराक

माणसांत श्रीमंत-गरीब, उच्च-नीच असले काही भेद नसतात; वाढतं, दुभतं आणि भाकड एवढे तीनच, असं आमच्या चुलत सासऱ्यांचं म्हणणं आहे. गोठ्यातला नियम ते साऱ्या जगाला लावतात. कालवड वाढती म्हणून तिला पेंड जास्त, गाय दुभती म्हणून दुधाच्या मापानं खुराक, आणि भाकडीला जगण्यापुरता चारा. घोडेगावच्या बाजाराला निघाले की माझ्या शिलाईच्या डब्यातली टेप खिशात घालतात आणि गाईच्या छातीचा घेर मोजून तिचं वजन सांगतात. नणंदेला बघायला आलेल्या मुलाकडं एकदा बराच वेळ बघून ते म्हणाले, की वाढीच्या वयात ह्याला पेंड कमी पडली. ते स्थळ गेलं. मतं मागायला आलेल्या एका पुढाऱ्याला त्यांनी चहा पाजला आणि तो गाडीत बसायच्या आत, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "भाकड जनावर, अन् खुराक दुभत्याचा."

सगळे त्यांना हसतात. मीही पदराआड हसायचे. मग मला जुळ्या मुली झाल्या. माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच. डाळीनं वात होतो म्हणून सासूबाई मला दोन्ही वेळा नुसता पातळ भात द्यायच्या. दूध पुरेना. पोरी रडून रडून थकायच्या, धाकटी तर वाळत चालली. मला भूक लागते, एवढं सांगायलाही माझी जीभ रेटेना. एका दुपारी चुलत सासरे दारातून माझं ताट बघून थांबले.

"वैनी, ही मेंढी किती कोकरांची?"

"भावजी, जिभेला काही हाड हाय का?" सासूबाई म्हणाल्या.

"दोन कोकरांची हाय. अन् तुमी तिला नुसता भुसा घालताय. भातानं पोट भरंल, दूध कशाचं व्हायचं? डाळ घाला, अंडं घाला. न्हाईतर धाकटं कोकरू हाती लागायचं न्हाई."

सासूबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत, पण त्याच संध्याकाळी माझ्या ताटात घट्ट वरण आलं. महिन्याभरानं धाकटीच्या गालावर मांस दिसायला लागलं, तेव्हा चुलत सासऱ्यांनी टेप आणून तिच्या छातीचा घेर मोजला आणि समाधानानं मान हलवली.

आता धाकटी थोरलीपेक्षा उंच आहे. चुलत सासरे मात्र थकलेत. अर्धी भाकरी खाऊन ताट सरकवतात. काल मी वाटीभर वरण पुढं केलं, तर हळूच म्हणाले, "ना वाढायचं, ना दूध द्यायचं. भाकडाला कशाला, पोरी?"

त्यांच्यासमोर मला अजूनही बोलता येत नाही. मी वरणावर तूप सोडलं आणि वाटी रिकामी होईपर्यंत तिथंच उभी राहिले.