तेरा मिनिटांतलं हसू

आमच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून जे दात बनवतात त्यांना सगळे कवळीकाका म्हणतात. येणाऱ्या पेशंटना वाटतं, दात डॉक्टरच बनवतात, आणि डॉक्टरही तो गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नाहीत. मी पुढच्या खोलीत बसते. फोन घेते, नावं पुकारते, आणि ज्यांची दाढ ठणकतेय त्यांना ‘दोनच मिनिटं’ म्हणून अर्धा तास बसवून ठेवते. चौदा वर्षं हेच करतेय. माझ्या आणि काकांच्या मध्ये प्लायवूडची एक भिंत आहे, आणि त्या भिंतीतून दिवसभर दोन आवाज येतात. एक पॉलिशच्या मोटरचा आणि दुसरा काकांच्या गाण्यांचा. कुठला जास्त त्रासदायक ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

गाणी म्हणजे जुनी रॉकची. गिटार, ड्रम, आणि जिवाच्या आकांताने ओरडणारा कुणीतरी. मला तर वरच्या मजल्यावर फरशी फोडताहेत असंच वाटतं. सुरुवातीला मी एकदा आत जाऊन जरा हळू लावा म्हणून सांगितलं. काकांनी मेणातला दात सुईने सरळ करता करता वर बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाले की ताई, हे हळू लावायचं संगीत नाही. मग आवाज एवढासा कमी केला. तेवढ्यावर आमचा तह झाला.

माणूस कामात मात्र पक्का. कवळीत सगळे दात एका ओळीत बसवायचे नाहीत, एखादा किंचित वाकडा ठेवायचा, हा त्यांचा हट्ट. लोक तक्रार करतात, डॉक्टर वैतागतात, पण काका बधत नाहीत. सरळ दातांचं तोंड खोटं दिसतं म्हणतात. चेहऱ्याकडे न बघता नुसत्या साच्यावरून ते सांगतात की हा माणूस चिडका आहे, हा झोपेत दात खातो, ही बाई एकाच बाजूने चावते. मोटरने त्यांचा उजवा कान कधीच निकामी केलाय. बोलायचं तर डावीकडून बोलावं लागतं.

काकू होत्या तेव्हा दुपारी डबा घेऊन यायच्या. मी त्यांना आठ वर्षं पाहिलं, पण त्यांचा आवाज कसा होता असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. डबा ठेवायच्या, मान हलवायच्या, माझ्याकडे बघून ओठ मिटून हसायच्या आणि निघून जायच्या. सहा वर्षांपूर्वी त्या गेल्या. मूलबाळ नव्हतं. काका चौथ्या दिवशी कामावर हजर. मोटर चालू, गाणं चालू. मला त्यांचा राग आला होता, हे मी लपवत नाही.

पण मग पुढच्या महिन्याभरात ते रोज संध्याकाळी दवाखाना बंद व्हायच्या वेळी काहीतरी काम उकरून काढायला लागले. पुसलेलं टेबल पुन्हा पुसायचे. डॉक्टर चाव्या वाजवत उभे राहायचे तेव्हा कुठे हे उठायचे. घरी जायचं त्यांच्या जिवावर येत होतं. तेव्हा मीच त्यांना माझ्या कॉम्प्युटरवर ते पान शोधून दिलं, जिथे गावोगावचे असले मराठी रॉकवेडे जमतात आणि जुन्या गाण्यांवर मतं मांडतात. काकांना तिथे एक टोपणनाव घ्या म्हटलं, तर त्यांनी घेतलं ‘डावा कान’.

त्या पानाची एक रीत आहे. दर रविवारी सकाळी दहा वाजता एक गाणं ठरतं. सगळ्यांनी आपापल्या घरी एकाच वेळी ते लावायचं, आणि संपलं की आपण काय ऐकलं ते लिहायचं. नियम एकच, पण कडक. कानाने ऐकलं तेवढंच लिहायचं, कुठे वाचलेलं, कुणी सांगितलेलं खपणार नाही. गाण्यात नसलेलं कुणी लिहिलं आणि ते सिद्ध झालं, तर त्याला वर्षभर गप्प बसवतात. वाचता येतं, लिहिता येत नाही. नियमाची राखण करणाऱ्या बाई पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणतात. बाकी ‘तिसरी तार’ नावाचा एक इसम आहे, त्याला काका जे ऐकतात ते पाच मिनिटांनी हमखास ऐकू येतं.

रविवारी काका दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि दहाला पाच कमी असताना घरच्या कॉम्प्युटरसमोर बसतात. कुणाच्या घरी जायचंय जसं काही. मी यावरून त्यांना खूप चिडवलं. त्यांनी चिडायचं सोडून मला नीळ कुठली चांगली ते विचारलं.

आता भांडणाचं सांगते. एका चौघांच्या बँडचं तेरा मिनिटांचं एक गाणं आहे. काकांच्या मते जगात त्याच्यासारखं दुसरं नाही. नवव्या मिनिटाला सगळी वाद्यं थांबत थांबत जातात, एक गिटार तेवढी हलकेच वाजत राहते. तिथे, काकांच्या म्हणण्याप्रमाणे, गायक हसतो. अगदी बारीक, न राहवून आल्यासारखं. आणि त्या हसण्यापाठोपाठ ड्रमवाला झांजेवर इतका हलका हात फिरवतो की तसा हात त्याने पुन्हा कधी फिरवला नाही. या दोन सेकंदांवर काकांनी पाच-सहा वर्षांत पानंच्या पानं लिहिली. पुढे हे चौघे एकमेकांचं तोंड बघेनासे झाले, पण त्या क्षणी ते सुखात होते, याचा पुरावा म्हणजे ते हसू, असं त्यांचं म्हणणं. वर आपल्या धंद्यातलं ज्ञानही पाजळलं. हसताना हवा किंचित शीळ घालत सुटते, तेव्हा गायकाच्या पुढच्या दोन दातांत फट असणार.

मास्तरीणबाईंनी गायकाचा फोटो टाकला. दात मोत्यासारखे, एकमेकांना चिकटलेले. काकांनी उत्तर दिलं, नंतर करून घेतले असतील, आम्ही हेच काम करतो.

बाईंनी तीन वेगवेगळ्या प्रती ऐकल्या. हसू नाही, झांज नाही. काका म्हणाले, तुमच्या नव्या प्रती धुऊनपुसून काढलेल्या, त्यात हसू कुठून राहणार? माझी कॅसेट जुन्या तबकडीवरून भरलेली आहे, तिच्यात आहे. तिसऱ्या तारेने लगेच लिहिलं की मलाही अंधुक ऐकू येतं. शेवटी बाईंनी सांगितलं, येत्या रविवारी हेच गाणं. डाव्या कानाने आपल्या कॅसेटचा तेवढा भाग सगळ्यांना ऐकवावा, नाहीतर वर्षभर गप्प बसावं.

काका हट्टाला पेटले होते खरे, पण त्या आठवड्यात त्यांच्या हातून एक कवळी बिघडली. चौदा वर्षांत मी पहिल्यांदा बघितलं. मी डावीकडे जाऊन बसले आणि म्हटलं, काका, एवढं काय त्यात, वर्ष काय भुर्रकन जातं.

“तुम्हाला घरी माणसं आहेत ताई,” ते म्हणाले. “मला रविवारी सकाळी दहा वाजता विचारतं कोण, की तू काय ऐकलंस म्हणून?”

घरची माणसं मला काय विचारतात तो भाग वेगळा.

शनिवारी दुपारच्या सुट्टीत आम्ही दोघं टेपवाल्याकडे गेलो. उजवीकडून येणारी गाडी त्यांना ऐकू येत नाही म्हणून मी बरोबर. टेपवाल्याचं दुकान जिन्याखाली आहे, बसायला एकच स्टूल. जुनी यंत्रं दुरुस्त करतो आणि कॅसेटमधलं गाणं कॉम्प्युटरवर उतरवून देतो. म्हातारा, कमी बोलणारा. त्याने कॅसेट उलटसुलट केली, फीत थोडी ओढून बघितली, फीत जिथे घासते ती यंत्राची डोकी पुसली, आणि गाणं दोन मोठ्या स्पीकरवर लावलं. काका डावा कान स्पीकरकडे करून स्टुलावर. नवव्या मिनिटाला सगळं शांत होत गेलं, एक गिटार उरली. आणि हसू आलं. मीसुद्धा ऐकलं, अगदी स्वच्छ. पाठोपाठ ती झांज.

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू ते स्वतःच गायले होते. टेपवाल्याने मात्र फीत मागे घेतली आणि तेवढंच पुन्हा लावलं. मग आणखी एकदा.

“हे तबकडीतलं नाही,” तो म्हणाला. “गाणं लांबून येतंय, खोलीत घुमून. हसू माइकपाशी आहे. भरताना खोलीत कुणीतरी बाई होती. आणि ही काही झांज नाही. कुणीतरी तिला श्श म्हटलंय.”

काकांनी पुन्हा लाव म्हणून हाताने खूण केली. त्याने लावलं. एवढा वेळ झांज ऐकत होते त्या जागी मला आता दुसरं काही ऐकू येईना. श्श. माणसाचा आवाज. वाट्टेल त्याने ओळखला असता, फक्त ज्याचा होता तो सोडून. टेपवाल्याने विचारलं, उतरवून देऊ का? काकांनी कॅसेट मागून घेतली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

दवाखान्यापर्यंतचा रस्ता दहा मिनिटांचा, आम्हाला अर्धा तास लागला. डॉक्टरांचे दोन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. काका सांगत होते. सदतीस वर्षांपूर्वीची गोष्ट, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. एकच खोली. कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे ती तबकडी होती, त्याने रेकॉर्ड प्लेअरसकट एका दुपारपुरती दिली होती. खिडक्या लावून घेतल्या, पंखा बंद केला, टेप रेकॉर्डर स्टुलावर ठेवला आणि दोघं जमिनीवर बसली. तिला बजावून ठेवलं होतं, बांगडीचासुद्धा आवाज होता कामा नये. तिने बांगड्या काढून उशाखाली ठेवल्या. नऊ मिनिटं बिचारी श्वास मोजत बसली. मग गाणं शांत झालं, आणि काका डोळे मिटून डोलताहेत हे बघून तिला हसू फुटलं.

“तिच्या पुढच्या दातांत फट होती,” काका म्हणाले. “हसली की शीळ वाजायची. मी तिला म्हटलंही होतं, बुजवून देतो.”

काकू आठ वर्षं रोज समोर येत असून ती फट मला कधी दिसली नव्हती. ओठ मिटून हसायच्या. हे मी त्यांना सांगितलं नाही. पण मला वाटतं, त्यांच्याही तेच डोक्यात होतं, कारण पुढचं ते स्वतःच बोलले. गाणं संपल्यावर ते तिच्यावर ओरडले होते. तुला तेरा मिनिटंही गप्प बसवत नाही? ती म्हणाली, पुढच्या वेळी बसेन. आणि मग ती बसली. लग्न होऊन आली तेव्हा शेजारच्या बायका तिला रेडिओ म्हणायच्या, इतकी बोलायची. हळूहळू घर शांत झालं. यांना बरंच वाटलं, गाणी नीट ऐकू यायला लागली.

“माझ्या लक्षातच आलं नाही ताई,” ते म्हणाले. रस्त्यात उभे राहून म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. मला सहा वर्षांपूर्वीचा माझा राग आठवला आणि तो तेव्हाही बरोबर होता. तरी मी त्यांचा हात धरून रस्ता ओलांडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मीही घरी कॉम्प्युटर उघडून बसले. गाणं संपेपर्यंत पानावर एकही ओळ नव्हती. सगळ्यात आधी डाव्या कानाने लिहिलं. ‘हसू गाण्यात नाही. झांजही नाही. हसणारी माझी बायको होती आणि झांज मी होतो. कॅसेट ऐकवणार नाही, क्षमा असावी. गायकाच्या दातांबद्दल लिहिलेलं मागे घेतो.’

मग तिसऱ्या तारेने लिहिलं की असं कसं, माझ्या प्रतीत तर मला आजही ऐकू आलं, माघार घेऊ नका. मास्तरीणबाईंनी लिहिलं की नियम, कानाने ऐकलं ते लिहावं, असा आहे. डाव्या कानाने ऐकलं तेच लिहिलं, तेव्हा शिक्षेचा प्रश्न येत नाही. आणि खाली एक ओळ वेगळी. ‘त्यांचं हसू छान असणार. तुम्ही इतकी वर्षं त्याच्यावर लिहिलंत.’

काकांचं उत्तर आलं, ‘बाई, मला वर्षभर गप्प बसवा.’

बाईंनी दोनदा समजावलं. काकांनी दोनदा तेच लिहिलं. दुपारी बाराच्या सुमाराला त्यांचं नाव वरच्या यादीतून खाली, नुसतं वाचणाऱ्यांत गेलं.

सोमवारी सकाळी मागच्या खोलीतून आवाज येईना म्हणून मी आत डोकावले. गाणं बंद, मोटर बंद. काका टेबलाशी बसून एका पुढच्या दाताला कानस लावत होते. दोन दातांमध्ये त्यांनी केसाएवढी फट ठेवली होती. पेशंट हे परत आणून देणार, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. मग मी डावीकडे गेले आणि माझा राग बाहेर पडलाच. बाईंनी माफ केलं होतं, कुणी मागितली होती शिक्षा? आता रविवारी दहा वाजता करणार काय? माणूस एक वर्ष तोंड मिटून बसणार कसा?

“वर्षच आहे ताई,” ते म्हणाले. “तिची एकतीस झाली.”

आणि त्यांनी मोटर सुरू केली.